खांद्याजवळचं फ्रॅक्चर आणि कोडिंग: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात फ्रॅक्चर कोडिंगवर प्रश्न पाठवा म्हटलं होतं, तर निम्म्याहून जास्त प्रश्न एकाच हाडावर आले, दंडाचं हाड खांद्यापाशी मोडलं की काय करायचं. त्यामुळे यावेळचा कॉलम पूर्ण ह्युमरसच्या, म्हणजे त्याच दंडाच्या हाडाच्या, वरच्या टोकावर. बरेचसे प्रश्न अमेरिकेचे चार्ट करणाऱ्यांचे, म्हणजे तिकडच्या पेशंटांच्या नोंदी वाचून बिलासाठी कोड देणाऱ्यांचे आहेत, म्हणून कोड आयसीडी-१०-सीएम या तिकडच्या निदानाच्या यादीतले दिलेत, जे तिकडे १ ऑक्टोबर २०१५ पासून चालू आहेत. पेशंटच्या घरच्या लोकांचेही दोन प्रश्न आलेत, ते मुद्दाम घेतलेत, कारण आपण स्क्रीनवर जो कोड टाकतो तो शेवटी कोणाच्यातरी बिलावर जातो.

प्रश्न: ताई, मी ऐरोलीत ऑर्थोचे यूएस चार्ट करते, नवीनच आहे. डॉक्टरच्या नोटमध्ये फक्त 'राइट प्रॉक्सिमल ह्युमरस फ्रॅक्चर, स्लिंग, दोन आठवड्यांनी परत एक्स-रे' एवढंच होतं. एक्स-रे रिपोर्टमध्ये होतं 'कॉमिन्युटेड फ्रॅक्चर ऑफ सर्जिकल नेक, मल्टिपल फ्रॅगमेंट्स, माइल्ड डिस्प्लेसमेंट'. मी ३-पार्ट धरून एस४२.२३१ए दिला. क्यूएने (आमचं काम तपासणाऱ्यांनी) एरर मारली, नुसतं 'नॉट सपोर्टेड' लिहिलं. मग द्यायचं काय?

क्यूए बरोबर आहे, पण नुसतं 'नॉट सपोर्टेड' लिहून पुढे जाणं काही बरोबर नाही, नवीन मुलीला त्यातून काय कळणार, म्हणून जरा सविस्तर सांगते. बाकी वाचकांसाठी आधी शब्द: प्रॉक्सिमल म्हणजे खांद्याकडचं टोक, सर्जिकल नेक म्हणजे त्या टोकाखालची मान, कॉमिन्युटेड म्हणजे तुकडे झालेलं, डिस्प्लेस्ड म्हणजे जागेवरून सरकलेलं.

तुम्ही तुकडे मोजले. 'पार्ट' म्हणजे तुकडे नाहीत. हे २-पार्ट, ३-पार्ट, ४-पार्ट प्रकरण आलंय चार्ल्स नीर या अमेरिकन सर्जनच्या १९७० च्या वर्गीकरणातून. त्याने ह्युमरसच्या वरच्या टोकाचे चार भाग धरले, डोकं, ग्रेटर ट्युबरोसिटी आणि लेसर ट्युबरोसिटी (डोक्याशेजारचे मोठा आणि छोटा उंचवटा) आणि खालची शाफ्ट, म्हणजे हाडाचा दांडा. आणि अट अशी घातली की एखादा भाग १ सेंमीपेक्षा जास्त सरकला असेल किंवा ४५ अंशांपेक्षा जास्त वाकला असेल तरच तो वेगळा 'पार्ट' मोजायचा. म्हणजे हाडाला पाच ठिकाणी चिरा गेल्या आणि सगळं जागच्या जागी आहे, तर नीरच्या हिशोबाने ते १-पार्ट! त्यामुळे 'मल्टिपल फ्रॅगमेंट्स' आणि 'माइल्ड डिस्प्लेसमेंट' वाचून ३-पार्ट ठरवणं हे आपलं कामच नाही, ते मोजमाप डॉक्टरने करायचं आणि लिहायचं.

आता तुमच्या चार्टला काय लागतं ते बघा. नोटमधलं निदान 'प्रॉक्सिमल ह्युमरस', उजवं. एवढंच असतं तर एस४२.२०१ए, म्हणजे वरच्या टोकाचं अनस्पेसिफाइड. पण निदान डॉक्टरने केलेलं आहेच, आणि नेमकी जागा रेडिओलॉजिस्टच्या सही केलेल्या रिपोर्टमध्ये आहे, अशावेळी साइटची स्पेसिफिसिटी रिपोर्टवरून घेता येते. नवीन निदान घेता येत नाही, आधी केलेल्या निदानाची जागा घेता येते, हा फरक डोक्यात पक्का बसवा. मग सर्जिकल नेक, उजवं, डिस्प्लेस्ड, पार्ट सांगितलेले नाहीत, म्हणजे एस४२.२११ए. रेडिओलॉजिस्टने स्वतः 'नीर ३-पार्ट' लिहिलं असतं तर ओपीडी चार्टला गोष्ट वेगळी झाली असती. आणि क्लायंटची स्वतःची गाइडलाइन यापेक्षा कडक असेल तर ती पाळायची, तिथे वाद घालू नका.

एक सापळा सांगते जो तुमच्या वाट्याला पुढे येणारच. 'कॉमिन्युटेड' शब्द दिसला की इंडेक्समध्ये हात आपोआप एस४२.३५ कडे जातो. तो शाफ्टचा आहे. वरच्या टोकाला कॉमिन्युटेड असा वेगळा पर्यायच नाहीये, तिथे तो शब्द कोड बदलत नाही.

आणि 'डिस्प्लेस्ड की नॉनडिस्प्लेस्ड' काहीच लिहिलं नसेल तर डिस्प्लेस्ड धरायचं, 'ओपन की क्लोज्ड' (फ्रॅक्चरपाशी कातडी फाटलीये की नाही) लिहिलं नसेल तर क्लोज्ड धरायचं, हे एस४२ च्या सुरुवातीलाच छापलंय. हा अंदाज नाही, नियम आहे. पार्टसाठी असा कुठलाही नियम नाही, म्हणून तिथे क्वेरी करायची, म्हणजे डॉक्टरला लेखी विचारायचं.

क्वेरी कशी लिहायची हेही खूप जण विचारतात म्हणून तुमच्याच चार्टवर लिहून दाखवते: 'नोटमध्ये उजव्या प्रॉक्सिमल ह्युमरसच्या फ्रॅक्चरची नोंद आहे. एक्स-रे रिपोर्टमध्ये सर्जिकल नेक, कॉमिन्युटेड, माइल्ड डिस्प्लेसमेंट असं आहे. आपल्या क्लिनिकल मताप्रमाणे फ्रॅक्चरचा प्रकार कृपया स्पष्ट करावा: २-पार्ट, ३-पार्ट, ४-पार्ट, इतर, किंवा ठरवता येत नाही.' बस. 'हे ३-पार्ट आहे ना?' असं विचारायचं नाही, आणि कुठल्या कोडला किती पैसे मिळतात हे तर चुकूनही लिहायचं नाही. 'इतर' आणि 'ठरवता येत नाही' हे दोन पर्याय ठेवायचेच, नाहीतर तुम्ही उत्तर डॉक्टरच्या तोंडात घातलं असं होतं.

प्रश्न: मग 'नॉनडिस्प्लेस्ड २-पार्ट' असा कोड का आहे? नीरप्रमाणे तर तो असूच शकत नाही.

हा प्रश्न पाठवणाऱ्याचं मनापासून कौतुक, कारण कोडबुक इतकं बारकाईने वाचणारे कमी. तुमचं म्हणणं बरोबर आहे. एस४२.२२४ ते एस४२.२२६ हे २-पार्ट नॉनडिस्प्लेस्ड आहेत, आणि नीरच्या व्याख्येत सरकल्याशिवाय दुसरा पार्ट होतच नाही. म्हणजे कोडबुकने शब्द नीरचे घेतले पण अट घेतली नाही. गंमत बघा, ३-पार्टच्या एस४२.२३ आणि ४-पार्टच्या एस४२.२४ मध्ये डिस्प्लेस्ड-नॉनडिस्प्लेस्ड विचारलेलंच नाही, तिथे फक्त उजवं, डावं आणि अनस्पेसिफाइड.

प्रत्यक्षात करायचं काय? डॉक्टरने 'नॉनडिस्प्लेस्ड २-पार्ट सर्जिकल नेक' असं लिहिलं तर तो कोड द्यायचा, आपण त्यांना नीर शिकवायला जायचं नाही. पण नुसतं 'नीर टू-पार्ट' लिहिलं असेल तर आधी जागा बघा. ग्रेटर ट्युबरोसिटी एकटीच सरकली असेल तर नीरच्या भाषेत तेही टू-पार्टच, पण कोड एस४२.२५ मधला लागतो, एस४२.२२ मधला नाही, कारण एस४२.२२ फक्त सर्जिकल नेकचा आहे. अॅनाटॉमिकल नेक (डोक्याला लागूनची मान) असेल तर एस४२.२९. इथे ऑडिटमध्ये सगळ्यात जास्त लोक अडकलेले मी पाहते.

प्रश्न: हिंजवडीहून. कोडच्या शेवटच्या, सातव्या अक्षराने डोकं उठलंय. पेशंट ईआरमध्ये (इमर्जन्सीत) आला, ए दिला. आठ दिवसांनी दुसऱ्या सर्जनकडे गेला, त्याने प्लेट टाकायची ठरवलं. नंतर ऑपरेशन. नंतर टाके काढायला. टीम लीड म्हणतो ईआर सोडून सगळे डी, मला पटत नाही.

तुम्हाला पटत नाही ते बरोबरच आहे. ए म्हणजे पहिली व्हिजिट नाही, ए म्हणजे ॲक्टिव्ह ट्रीटमेंट चालू आहे. नाव 'इनिशियल एन्काउंटर' ठेवलंय म्हणून सगळा गोंधळ. ईआर ए, नव्या सर्जनने तपासून ऑपरेशन ठरवलं तो दिवस ए, ऑपरेशन ए. टाके काढणं, नंतरचा एक्स-रे, स्लिंग बंद करणं, फिजिओथेरपी, हे डी, जोपर्यंत हाड नीट जुळतंय. जुळायला उशीर होतोय असं डॉक्टरने लिहिलं तर जी, जुळलंच नाही तर के, वाकडं जुळलं तर पी. आणि हो, 'हीलिंग स्लो दिसतंय' एवढं एक्स-रे रिपोर्टमध्ये दिसलं म्हणून जी देऊ नका, डॉक्टरने ते निदान म्हणून लिहायला हवं.

आणखी एक, पेशंटने सुरुवातीला उपचारच घेतले नाहीत, तीन महिने घरी तेल चोळत बसला आणि आता नॉनयुनियन, म्हणजे न जुळलेलं हाड, घेऊन पहिल्यांदा आला. अशांना के नाही, ए किंवा बी (ओपन फ्रॅक्चर असेल तर ए ऐवजी बी) द्यायचा, कारण उपचार आता सुरू होतोय. गाइडलाइनमध्ये हे स्पष्ट आहे तरी चुकतं.

शेवटचं अक्षर एस कधी? फ्रॅक्चरचा कारभार संपला आणि मागे काही राहिलं तेव्हा. समजा उजवा खांदा आखडलाय, तर आधी एम२५.६११ आणि मग फ्रॅक्चरचा कोड एस लावून. क्रम उलटा करू नका. आणि जखमेच्या कोडला झेडने सुरू होणारे आफ्टरकेअर (उपचारानंतरच्या देखभालीचे) कोड जोडायचे नाहीत, त्यासाठीच तर डी आहे. स्क्रू मागे सरकला, प्लेट तुटली, तर ते टी८४ मधलं कॉम्प्लिकेशन, तिथे नुसता डी देऊन भागत नाही.

प्रश्न: माझी आई ६८ वर्षांची, पुण्यात असते. बाथरूममध्ये घसरून डाव्या खांद्याजवळचं हाड मोडलं, ऑपरेशन करून प्लेट टाकली. डिस्चार्ज समरीत 'ऑस्टिओपोरोटिक फ्रॅक्चर' लिहिलंय. टीपीएने (विमा कंपनीसाठी क्लेम तपासणाऱ्या संस्थेने) क्लेम नाकारला, म्हणे ऑस्टिओपोरोसिसला, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याला, वेटिंग पिरियड आहे, सुरुवातीची काही वर्षं त्याचा क्लेम मिळत नाही, पॉलिसी दोन वर्षांचीच आहे. आईला ऑस्टिओपोरोसिस आहे असं आम्हाला कधी कोणी सांगितलंच नाही. हा एक शब्द एवढा महाग पडतो का?

पडतो. आणि तुमच्यासारख्या घरांची पत्रं वाचताना खरंच वाईट वाटतं, कारण तो शब्द बऱ्याचदा घाईत लिहिलेला असतो, एक्स-रेमध्ये हाड जरा पातळ दिसलं म्हणून.

आधी त्यामागचं कारण समजून घ्या. कोडिंगमध्ये दोन पूर्णपणे वेगळी घरं आहेत. इजेचं फ्रॅक्चर एस४२ मध्ये जातं, ठिसूळ हाडाचं फ्रॅक्चर एम८० मध्ये. अमेरिकेच्या गाइडलाइनमध्ये तर सरळ लिहिलंय की पेशंटला ऑस्टिओपोरोसिस माहीत असेल आणि निरोगी हाड सहसा मोडणार नाही अशा किरकोळ पडण्याने मोडलं असेल तर एस४२ नाही, एम८० द्यायचा. ह्युमरससाठी वयामुळे आलेल्या ऑस्टिओपोरोसिसचा एम८०.०२१ उजवा, एम८०.०२२ डावा. पण शब्द बघा, 'माहीत असेल'. वय ६८ आहे, बाई आहेत, बाथरूममध्ये पडल्या, एवढ्यावरून कोणी कोडरने एम८० द्यायचा नसतो. डेक्सा या हाडांच्या घनतेच्या तपासणीत टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली आला की ऑस्टिओपोरोसिस म्हणतात, किंवा डॉक्टर बाकी सगळं बघून निदान करतात, पण ते डॉक्टरचं निदान म्हणून नोटमध्ये यायला लागतं.

भारतात हॉस्पिटलं जागतिक आरोग्य संघटनेचा आयसीडी-१० वापरतात, तिथे वरच्या टोकाचं फ्रॅक्चर म्हणजे नुसता एस४२.२, पार्टबिर्ट काही नाही. पण एस आणि एम ही फारकत तिथेही आहेच. तुम्ही क्लेम फॉर्म पाहिला असेल, त्याचा पार्ट बी हॉस्पिटल भरतं, त्यात निदानाला आयसीडी-१० कोडचा रकाना असतो आणि इजा असेल तर ती कशी झाली तेही विचारलेलं असतं. तो कागद आधी मिळवा आणि काय भरलंय ते वाचा. समरीत एक आणि फॉर्ममध्ये दुसरं असं असू शकतं.

मग ज्या सर्जनने ऑपरेशन केलं त्यांना भेटा, रेसिडेंटला नाही. त्यांना दोनच गोष्टी विचारा: पडल्याची हकीकत इनडोअर पेपरमध्ये नीट लिहिलीये का, आणि आईला ऑस्टिओपोरोसिसचं निदान खरंच झालंय का, झालं असेल तर कशावरून. निदान झालेलंच नसेल तर ते लेखी स्पष्टीकरण देऊ शकतात. पण 'तो शब्द काढून टाका, आम्हाला क्लेम मिळेल' असं सांगू नका प्लीज. निदान खरं असेल तर आईला त्याचा उपचार हवाय, दुसरं हाड मोडण्याआधी, आणि त्यासाठी तो शब्द कागदावर असायलाच हवा.

निदान खरं निघालं तरी क्लेम संपला असं समजू नका. पॉलिसीचं बारीक अक्षर वाचा. आरोग्य संजीवनीसारख्या पॉलिसीत वयोमानाने येणाऱ्या ऑस्टिओआर्थ्रायटिस आणि ऑस्टिओपोरोसिसला वेटिंग पिरियड आहे हे खरं, पण ठरावीक आजारांच्या त्या वेटिंग पिरियडच्या कलमातच अपघातामुळे आलेल्या क्लेमला तो लागू नाही असंही लिहिलेलं असतं. ओल्या फरशीवर घसरून पडणं हा अपघात आहे, हा तुमचा मुद्दा, तो लेखी मांडा, पडल्याच्या नोंदीची प्रत जोडा. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे आधी द्या. महिन्यात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं, कार्यालय पुण्यातही आहे, मुंबईतही, फी नाही, वकील लागत नाही. नकार आल्यापासून एक वर्षाच्या आत जायचं, हे मात्र लक्षात ठेवा.

प्रश्न: मी एडिसन, न्यू जर्सीला असतो. बाबा इकडे आले असताना फुटपाथवर पडले, खांद्याजवळ क्रॅक होता, डॉक्टरने फक्त स्लिंग दिली. बिलावर 'सर्जरी' म्हणून मोठी रक्कम आहे, कोड २३६००. ट्रॅव्हल इन्शुरन्सवाले ऑपरेशनचे पेपर मागतायत. ऑपरेशन झालंच नाही! हा फ्रॉड आहे का?

फ्रॉड नाही, घाबरू नका. सीपीटीमध्ये, म्हणजे उपचारांच्या अमेरिकन कोडच्या यादीत, २३६०० चा अर्थ प्रॉक्सिमल ह्युमरस फ्रॅक्चरचा क्लोज्ड उपचार, हाड न हलवता. हाड हलवून बसवलं तर २३६०५. उघडून प्लेट टाकली तर २३६१५. हे सगळे कोड पुस्तकात सर्जरीच्या विभागात छापलेत म्हणून बिलावर आणि इन्शुरन्सच्या कागदावर 'सर्जरी' असं येतं, चाकू लागला नाही तरी.

त्या रकमेत काय येतं ते महत्त्वाचं आहे. या कोडला ९० दिवसांचा ग्लोबल पिरियड आहे, म्हणजे त्या डॉक्टरच्या नेहमीच्या फॉलोअप व्हिजिटा त्यातच आल्या. एक्स-रेचं बिल वेगळं येणार, ते बरोबर आहे. पहिल्या दिवसाच्या तपासणीचं वेगळं बिल ५७ मॉडिफायर (याच तपासणीत उपचाराचा निर्णय झाला, असं सांगणारा जोडअंक) लावून आलं असेल तर तेही चालतं. पण पुढच्या साध्या फॉलोअपची वेगवेगळी बिलं आली तर तिथे प्रश्न विचारा.

इन्शुरन्सला द्यायला ऑपरेशन नोट मिळणारच नाही, कारण ती नाहीच. डॉक्टरच्या ऑफिसकडून व्हिजिटची नोट आणि आयटेमाइज्ड बिल घ्या, आणि कव्हरिंग लेटरमध्ये एका ओळीत लिहा की २३६०० हा विनाशस्त्रक्रिया फ्रॅक्चर केअरचा कोड आहे. बाबा ९० दिवस पुरे व्हायच्या आधीच भारतात परतले असतील तर बिलिंग ऑफिसला तेही सांगा. काही डॉक्टर ग्लोबल न लावता प्रत्येक व्हिजिटचं वेगळं बिल करतात, ती पद्धतही मान्य आहे, पण तसं करा असा हट्ट आपण धरू शकत नाही, विनंती करू शकतो.

प्रश्न: खांदा निखळला आणि ग्रेटर ट्युबरोसिटीपण तुटली, ईआर डॉक्टरने ओढून बसवला. २३६५० (निखळलेला खांदा बसवणं) आणि २३६२५ (ट्युबरोसिटी बसवणं) दोन्ही देऊ?

नाही. दोन्ही मिळून एकच कोड आहे, २३६६५. निखळण्याबरोबर सर्जिकल किंवा अॅनाटॉमिकल नेक तुटली असेल तर २३६७५. पुढचा सगळा फॉलोअप दुसऱ्या ऑर्थोकडे जाणार असेल तर ईआर डॉक्टरच्या कोडला ५४ (फक्त मूळ उपचार केला, फॉलोअप नाही, असं सांगणारा मॉडिफायर) लागतो का ते बघा.

प्रश्न: आयपीडी, म्हणजे ॲडमिट पेशंटांचं कोडिंग शिकतोय. सर्जिकल नेकला प्लेट टाकली, पीसीएसमध्ये (ॲडमिट पेशंटांच्या ऑपरेशनच्या कोडमध्ये) बॉडी पार्ट ह्युमरल शाफ्ट घेतला कारण प्लेट शाफ्टवर बसते. चुकलं?

चुकलं. प्लेट कुठवर उतरते हे बघायचं नाही, कुठलं हाड जागेवर आणलं ते बघायचं. कुठला भाग कशात मोजायचा त्या यादीत, म्हणजे बॉडी पार्ट कीमध्ये, सर्जिकल नेक, अॅनाटॉमिकल नेक, दोन्ही ट्युबरोसिटी हे सगळं ह्युमरल हेडमध्येच टाकलंय. उजवी बाजू, ओपन, प्लेट-स्क्रू म्हणजे ०पीएससी०४झेड. नेल टाकला असेल तर ४ च्या जागी ६. आणि फ्रॅक्चर सरकलेलंच नव्हतं, फक्त धरून ठेवायला स्क्रू टाकला, तर रिपोझिशन (हाड जागेवर आणणं) नाही, इन्सर्शन (नुसतं आत बसवणं).

प्रश्न: ११ वर्षांचा मुलगा, क्रिकेट खेळताना पडला, 'सॉल्टर-हॅरिस टू, राइट प्रॉक्सिमल ह्युमरस'. एस४२.२ मध्ये सापडत नाहीये.

सापडणार नाही, कारण तिथे नाहीच. वाढीच्या पट्टीतून गेलेलं फ्रॅक्चर, ज्याचे प्रकार 'सॉल्टर-हॅरिस' या नावाने सांगतात, ते एस४९.० मध्ये. टाइप टू, उजवं, पहिला उपचार म्हणजे एस४९.०२१ए. मुलांचं हाड नुसतं दबलं असेल, टोरस लिहिलं असेल, तर मात्र परत एस४२.२७ मध्ये या. एस४९.० आणि टोरस दोन्हीला बी नसतो, ओपनचं अक्षरच ठेवलेलं नाही.

प्रश्न: मी नागपूरला ऑर्थोचा रेसिडेंट आहे. कोडिंग, क्लेमवाले रोज फोन करतात, सर हे लिहा, सर ते लिहा. ओपीडीत पेशंटांची रांग लागलेली असते. आम्ही एकदाच काय लिहिलं म्हणजे तुमचं भागेल?

डॉक्टर, तुम्ही हे विचारलंत याचा फार आनंद झाला. वरचे जवळजवळ सगळे प्रश्न तुमच्या नोटच्या दोन ओळींमुळे उभे राहतात किंवा सुटतात.

एक नमुना देते, हे लिहायला मिनिटही लागत नाही: '६८ वर्षांच्या बाई, आज सकाळी बाथरूममध्ये ओल्या फरशीवर घसरून डाव्या खांद्यावर पडल्या. डावं प्रॉक्सिमल ह्युमरस, सर्जिकल नेक आणि ग्रेटर ट्युबरोसिटी, नीर ३-पार्ट, डिस्प्लेस्ड, क्लोज्ड. डेल्टॉइडवरची संवेदना शाबूत. ऑस्टिओपोरोसिसचं पूर्वीचं निदान नाही, डेक्सा सांगितली. ओपन रिडक्शन आणि प्लेटिंगचा निर्णय आज, नातेवाइकांशी बोललो.'

यातली प्रत्येक गोष्ट कुठेतरी लागते. पडण्याची हकीकत आणि ऑस्टिओपोरोसिसची ओळ एस की एम ठरवते. ३-पार्ट लिहिलं की ट्युबरोसिटीचा वेगळा कोड लावायचा का हा वाद उरत नाही, ती त्या ३ पार्टमध्येच मोजलेली आहे. निर्णय आजचा आहे हे लिहिलं की ॲक्टिव्ह ट्रीटमेंटचा ए पक्का होतो. संवेदना कमी असेल आणि तुम्ही अॅक्सिलरी नर्व्हची (खांद्याजवळच्या नसेची) इजा असं निदान लिहिलंत तर एस४४.३ मधला जादा कोड लागतो, आणि पुढे सहा महिन्यांनी 'ऑपरेशनमुळे नस गेली' असं कोणी म्हटलं तर पहिल्या दिवसाची ती ओळ तुमचं रक्षण करते. नस तपासून न लिहिणं, हे मी कोडर म्हणून नाही, या कागदांशी रोज झगडणारी म्हणून सांगते, सगळ्यात धोक्याचं.

ओपन असेल तर गस्टिलो ग्रेड (ओपन जखम किती गंभीर ते) तुमच्या उपचारासाठी जरूर लिहा, पण ह्युमरसच्या कोडला त्याचा फरक पडत नाही, तिथे फक्त ओपन म्हणजे बी. ग्रेडप्रमाणे वेगळी अक्षरं पुढचा हात, मांडी आणि गुडघ्याखालच्या पायाच्या फ्रॅक्चरला आहेत.

आणि कॉपी-पेस्ट. मागच्या पेशंटची नोट उचलून नाव बदलायचं आणि 'उजवा' तसाच राहायचा. एक्स-रे डावा, कन्सेंट डावा, ऑपरेशन नोट उजवी. असा चार्ट आमच्याकडे आला की आम्ही काहीच करू शकत नाही, परत तुमच्याकडेच येतो, क्लेम थांबतो आणि पेशंटचे नातेवाईक डिस्चार्ज काउंटरवर बसून राहतात. सही करायच्या आधी फक्त बाजू परत एकदा वाचा, बाकीच्यासाठी आम्ही फोन करूच.